कधीच न उडालेलं गस्ती विमान कसं बांधायचं

१९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये कॉमेट ४सी जातीची दोन प्रवासी विमानं गिऱ्हाईक न मिळाल्यामुळे पडून होती. त्याच सुमारास ब्रिटिश हवाई दलाला थकलेल्या शॅकल्टनच्या जागी पाणबुड्या हुडकणारं नवं विमान हवं होतं. मग ती दोन कॉमेटच कामाला लावली. धडाखाली लांबलचक दुसरं पोट जोडलं, शेपटीतून मागे एक दांडा काढला, उभ्या शेपटीचं क्षेत्रफळ वाढवलं, आणि १९६७ मध्ये त्यातून निमरॉड उडालं. पुढे चार दशकं या विमानाने समुद्रावर गस्त घातली.

मॉडेल बनवणाऱ्यांमध्ये 'व्हॉट-इफ' नावाचा एक पंथ आहे. खरं विमान जसंच्या तसं १:७२ किंवा १:१४४ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या ७२व्या किंवा १४४व्या हिश्श्याच्या मापात, उतरवण्यात या मंडळींना फारसा रस नसतो. त्यांना न झालेलं विमान हवं असतं. रद्द झालेला प्रकल्प पूर्ण झाला असता तर? अमुक देशाने तमुक विमान घेतलं असतं तर? एखादं प्रवासी विमान नौदलाच्या हाती पडलं असतं तर? लढाऊ विमानांवर असे प्रयोग भरपूर होतात. पण मला विचाराल तर या पंथाचं खरं कुरण म्हणजे सागरी गस्ती विमानं, कारण त्यांचा खराखुरा इतिहासच जोडकामाने भरलेला आहे. अमेरिकेचं पी-३ ओरायन लॉकहीडच्या इलेक्ट्रा या प्रवासी विमानातून निघालं, सोव्हिएत आयएल-३८ हे आयएल-१८ मधून, आणि आजचं पी-८ बोइंग ७३७ मधून. भारतीय नौदलाने १९७६ मध्ये हवाई दलाकडून घेतलेली सुपर कॉन्स्टलेशन तर मूळची एअर इंडियाची.

सगळ्यात गमतीचा कॅनडाचा आर्गस. ब्रिटनच्या ब्रिस्टल ब्रिटानिया या टर्बोप्रॉप (जेटसारख्या इंजिनाने पंखा फिरवणाऱ्या) विमानाचे पंख आणि शेपटी घेतली, धड नवीन केलं, आणि टर्बोप्रॉप काढून त्या जागी जुन्या पद्धतीची पिस्टन इंजिनं बसवली! जग जेटकडे निघालेलं असताना, १९५७ मध्ये. कुणी असं मॉडेल आपल्या मनाने केलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. पण त्यामागे हिशेब होता. समुद्रापासून थोड्याच उंचीवर, संथ वेगात, तासन्‌तास घिरट्या घालायच्या तर त्या काळची पिस्टन इंजिनं इंधन कमी पीत. जे वरवर विचित्र दिसतं त्याला पोटात कारण असतं, आणि व्हॉट-इफ मॉडेलचं सगळं गणित याच कारणावर उभं आहे. काल्पनिक आहे म्हणून काहीही चालतं, असं मानून केलेली मॉडेल्स लांबूनच ओळखू येतात. खोटं विमान पटायला हवं असेल तर त्याच्या अंगावरच्या प्रत्येक फुगवट्याला, दांड्याला आणि भोकाला काम असलं पाहिजे.

तेव्हा आधी ते काम काय, ते पाहू.

शिकार कशी चालते

पाणबुडी पाण्याखाली असते आणि रडारच्या लहरी पाण्यात शिरत नाहीत. त्यामुळे रडारला दिसतो तो फक्त पाण्याबाहेर आलेला भाग: पेरिस्कोप किंवा इंजिनासाठी हवा ओढणारी नळी. इतकी बारीक वस्तू लाटांच्या गर्दीतून टिपायची आणि तीही चारही दिशांना. पोटाखाली गोल घुमट लावला तर रडारला सगळीकडचं दिसतं, पण उतरताना तो जमिनीला टेकण्याची भीती. म्हणून ब्रेगे अटलांटिक या गस्ती विमानाचा घुमट आत ओढून घेता येतो. शॅकल्टनच्या पुढच्या आवृत्त्यांतही तीच सोय होती. ओरायनने वेगळा मार्ग काढला: एक रडार नाकात, एक शेपटीकडे, दोघांनी अर्धं-अर्धं आकाश वाटून घ्यायचं. तुमच्या मॉडेलला पोटाखाली मोठा घुमट लावायचा असेल तर आधी चाकं लावून बघा, खाली किती जागा उरते ते. चाकांच्या बुटक्या विमानाला घुमट लावला आणि तो आत जाण्याची सोय दाखवली नाही, तर जाणकार माणूस मॉडेल हातात घेताच विचारणार, हे उतरतं कसं?

पाणबुडीच्या किंवा जहाजाच्या रडारचे संदेश चोरून ऐकणारी उपकरणंही लागतात. ती बसतात पंखांच्या टोकांवर किंवा उभ्या शेपटीच्या माथ्यावर, कारण तिथून आडवं काही येत नाही. निमरॉडच्या शेपटीच्या माथ्यावरचा लांबट गोळा हाच.

पाण्यातला आवाज ऐकण्यासाठी सोनोबॉय टाकतात. सोनोबॉय म्हणजे नळकांड्याच्या आकाराचं, फेकून देण्याचं उपकरण. पाण्यात पडलं की त्याचा मायक्रोफोन तारेला लटकून खोल जातो आणि वरचा तरंगता भाग ऐकलेलं रेडिओवरून विमानाला कळवतो. त्याचं नेहमीचं माप सुमारे ९१ सेंटिमीटर लांब आणि १२.४ सेंटिमीटर जाड. ओरायनच्या पोटावर, पंखाच्या मागे, अशा नळकांड्यांसाठी ४८ भोकांची चौकट आहे. ओरायनची जी ओळख मला सगळ्यात प्रिय आहे ती हीच.

आणि मग तो दांडा. पाणबुडी म्हणजे लोखंडाचा प्रचंड साठा, त्यामुळे तिच्या आसपास पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किंचित बिघडतं. तो बिघाड टिपणारं उपकरण 'मॅड' या नावाने ओळखलं जातं. अडचण अशी की विमानातही इंजिनं, वायरी, मोटारी असतात आणि त्याही क्षेत्र बिघडवतात. सुदैवाने हा परिणाम अंतराबरोबर झपाट्याने घटतो. अंतर दुप्पट केलं की परिणाम एक-अष्टमांश उरतो. म्हणून उपकरण शेपटीच्याही मागे, दांड्याच्या टोकाला. त्याच नियमामुळे पाणबुडीही अगदी जवळ असावी लागते, काहीशे मीटरच्या आत, म्हणून विमानाला खाली उतरून उडावं लागतं.

एवढी माहिती असली तरी मॉडेलचे काही निर्णय आपोआप होतात. उदाहरणार्थ, ज्यांची इंजिनं शेपटीजवळ आहेत अशा प्रवासी विमानांना मागे दांडा लावला तर इंजिनाचं सगळं लोखंड दांड्याच्या शेजारी येतं. निमरॉडच्या वेळी ट्रायडंट या मागे इंजिनं असलेल्या विमानावर आधारलेला प्रस्तावही होता, त्यामुळे अशक्य काही नाही. पण मग दांडा बराच लांब हवा, किंवा उपकरण दोरीला बांधून मागे सोडलं जातं असं दाखवायला हवं. आणि दांडा नसलाच तर? त्यालाही उत्तर आहे. अमेरिकी नौदलाचं पी-८ए उंचावरून काम करण्याच्या पद्धतीवर भर देतं, त्यावर मॅड नाही. भारतीय नौदलाने घेतलेल्या पी-८आयवर मात्र ते आहे. विमान एकच, गिऱ्हाईकं दोन, शेपट्या दोन. निव्वळ डेकल (मॉडेलवर चिकटवायची चिन्हं) बदलून 'या देशाने हे विमान घेतलं असतं तर' करणाऱ्यांनी या जोडीकडे नीट पाहावं. गिऱ्हाईक बदललं की विमानाच्या अंगावर कुठेतरी खूण उमटतेच.

पोट कुठे काढायचं

सापडलेल्या पाणबुडीवर टाकायला टॉर्पेडो लागतो, आणि व्हॉट-इफवाल्यांची खरी परीक्षा इथे होते. प्रवासी विमानाच्या धडाचा खालचा भाग सामानासाठी असतो. तिथे दारं उघडून टॉर्पेडोचा कप्पा केला की झालं, असं वाटतं. पण बहुतेक प्रवासी विमानांचे पंख धडाच्या तळाला असतात, आणि डाव्या-उजव्या पंखांना जोडणारी भक्कम पेटी धडाच्या तळातून आरपार जाते. ती कापता येत नाही. सगळं विमान तिच्यावर लटकलेलं असतं. म्हणजे कप्पा पंखाच्या पुढे तरी हवा किंवा मागे तरी.

आता तोल. विमानाचं वजन पंखाच्या आसपास तोललेलं असतं. पुढच्या कप्प्यातून एक टन माल अचानक खाली पडला की नाक वर उचललं जाणार, मागच्यातून पडला तर शेपूट. त्यामुळे कप्पा पंखाला जितका खेटून तितका बरा. या एकाच कोड्याची खऱ्या विमानांनी दिलेली उत्तरं किती निरनिराळी आहेत बघा. ओरायनने कप्पा पंखाच्या पुढे ठेवला आणि इलेक्ट्राच्या धडाचा पुढचा भाग सुमारे ७ फुटांनी आखूड केला. पी-८ ने तो पंखाच्या मागे नेला. आयएल-३८ ने आणि आर्गसने दोन केले, एक पुढे, एक मागे. आयएल-३८ मध्ये तर पुढच्या भागात इतकी यंत्रसामग्री कोंबली की तोल साधायला अख्खा पंखच ३ मीटर पुढे सरकवावा लागला. म्हणून ते विमान बाजूने पाहताना नाक आखूड आणि शेपूट लांब, असं थोडं बेढब दिसतं. निमरॉडने पंखाच्या पेटीला हातच लावला नाही. जुन्या धडाखाली दुसरं, हवेचा दाब नसलेलं पोट जोडलं आणि कप्पा त्यात लांबवर पसरला. पण पोट पुढेही वाढलं म्हणून बाजूचा वारा विमानाचं नाक वळवू लागणार, त्यावर उतारा म्हणून उभी शेपटी मोठी करावी लागली. एक बदल केला की दुसरा मागोमाग येतो. मॉडेलवर पहिला दाखवून दुसरा विसरलात की ते विमान पटत नाही.

अटलांटिक आणि जपानचं पी-१ ही विमानं मुळातच गस्तीसाठी आखलेली, त्यामुळे त्यांना असली कसरत करावी लागली नाही. मॉडेलकाराच्या दृष्टीने ती जरा कमी चविष्ट. अपवाद जपानच्या अलीकडच्या इतिहासाचा. १९७० च्या दशकात जपानने स्वतःचं जेट गस्ती विमान बनवण्याचा विचार केला होता, पीएक्स-एल नावाने. तो बारगळला, ओरायन घेतलं गेलं, आणि स्वदेशी पी-१ उडायला २००७ उजाडलं. मधल्या तीस-पस्तीस वर्षांची ती रिकामी जागा मॉडेलकारासाठी सोन्याची खाण आहे.

ताकदीचा प्रश्नही असतोच. दुसऱ्या महायुद्धातलं जर्मनीचं एफडब्ल्यू २०० कॉन्डोर हे १९३७ मध्ये उडालेलं प्रवासी विमान. त्याला बाँब, तोफा, जादा इंधन घेऊन अटलांटिकवर पाठवलं आणि उतरताना त्याचा कणा मोडण्याचे प्रकार घडू लागले. प्रवाशांसाठी बेतलेलं धड तेवढं ओझं सहन करणारं नव्हतं. नाजूक प्रवासी विमानाच्या पंखाखाली आठ-आठ क्षेपणास्त्रं टांगण्याचा मोह झाला की मला कॉन्डोर आठवतं.

एक विमान बांधून पाहू: १९८८ चं बोइंग ७५७

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी नौदलाला ओरायनचा वारस हवा होता. स्पर्धेत बोइंगने ७५७ वर आधारलेला प्रस्ताव ठेवला. १९८८ मध्ये निवड झाली लॉकहीडच्या पी-७ ची, जे साधारण मोठ्या ओरायनसारखं होतं. खर्च आणि वेळापत्रक हाताबाहेर गेल्यावर १९९० मध्ये तेही रद्द झालं. म्हणजे हरलेला हरला आणि जिंकलेलाही उडाला नाही. समजा बोइंग जिंकलं असतं.

७५७ ची १:१४४ किटं मिळतात; मॉडेल सुमारे ३३ सेंटिमीटर लांब होतं, म्हणजे घरात ठेवता येण्याजोगं. या विमानाची मोठी जमेची बाजू म्हणजे त्याचे उंच पाय. पोटाखाली भरपूर जागा, त्यामुळे घुमट किंवा फुगलेलं पोट सहज मावतं. इंजिनांत पर्याय आहे, रोल्स-रॉइस किंवा प्रॅट अँड व्हिटनी. मी डोळे झाकून प्रॅट घेईन. त्याच इंजिनाची लष्करी आवृत्ती त्या काळात सी-१७ मालवाहू विमानासाठी ठरलेली होती. दोन लष्करी विमानांना एकच इंजिन, सुटे भाग एकाच कोठारात. खरेदीच्या फाइलवर हा मुद्दा नक्की चढला असता. पंखांची टोकं साधी ठेवायची. ७५७ ला वर वळलेली टोकं कितीतरी नंतर आली, किटमध्ये ती असली तरी १९९० च्या आसपासच्या विमानावर ती शोभणार नाहीत. अशी चूक फार होते, आणि पी-८ च्या बाबतीत तर उलटीही होते: प्रवासी ७३७-८०० च्या किटमधून पी-८ करताना लोक वर वळलेली टोकं तशीच ठेवतात, जेव्हा खऱ्या पी-८ ची टोकं मागे तिरकी निमुळती होत जातात.

कप्पा मी पंखाच्या पुढे, पेटीला खेटून काढेन आणि मागच्या बाजूला सोनोबॉयची चौकट. पुढून टॉर्पेडो कमी होतात, मागून सोनोबॉय, तोल दोन्हीकडून राखला जातो. नाकात रडार आहेच. मागच्या दिशेसाठी दुसरं शेपटीकडे. दांड्याचं मात्र जरा कोडं आहे. ७५७ च्या शेपटीच्या अगदी टोकात छोटं सहायक इंजिन असतं आणि त्याचा धूर तिथूनच बाहेर पडतो. नेमकी तीच जागा दांड्याला हवी. मग धुराचं तोंड शेपटीच्या बाजूला वळवायचं. मॉडेलवर हे काम एक लंबगोल भोक आणि त्याभोवती भाजल्याचा करडा डाग, एवढंच. पण ज्याला ७५७ माहीत आहे तो तिथे थबकतो, आणि मग बाकीच्या विमानावरही विश्वास ठेवायला लागतो.

जाता जाता सांगायला हवं की या कल्पनेहून वास्तव जास्त चेकाळलेलं निघालं. बोइंगने ७५७ च्या पहिल्या नमुना विमानाला एफ-२२ लढाऊ विमानाचं नाक लावलं आणि वैमानिकांच्या डोक्यावर, धडाच्या माथ्यावर, एक छोटा पंखही बसवला. एफ-२२ ची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा तपासण्यासाठी ते खरोखर उडत होतं.

हात चालवताना

पहिलं काम खिडक्या बुजवण्याचं, आणि ते कंटाळवाणं आहे. प्रवासी विमानाच्या दोन्ही बाजूंना खिडक्यांची रांग असते. गस्ती विमानाला बाहेर बघायला मोजक्याच लागतात, पण मोठ्या आणि जमल्यास बाहेर फुगलेल्या, म्हणजे माणसाला डोकं घालून सरळ खाली पाहता येतं. साध्या पुट्टीने खिडक्या बुजवल्या तर ती पुढे कित्येक दिवस आक्रसत राहते आणि चकचकीत रंगाखाली खिडक्यांची भुतं दिसू लागतात. त्यापेक्षा पारदर्शक पट्टी आतून चिकटवून वर सुपरग्लू भरावा. तो आक्रसत नाही. फक्त घासायला उशीर करू नये. दुसऱ्या दिवसापर्यंत तो आजूबाजूच्या प्लॅस्टिकपेक्षा कडक होतो आणि मग पॉलिश पेपर मऊ प्लॅस्टिक खातो, सुपरग्लू तसाच उंचवटा होऊन राहतो. घासून झालं की प्रायमरचा एक हात द्या आणि दिव्याखाली तिरकं धरून पाहा. डोळ्याला सपाट वाटलेली निम्मी तरी जागा तेव्हा खरं बोलायला लागते.

सोनोबॉयची चौकट हे माझं आवडतं काम. १:१४४ मध्ये एका भोकाचा व्यास येतो ०.८६ मिलिमीटर, म्हणजे ०.८ चं ड्रिल पुरे. १:७२ मध्ये १.७. भोकं पाडण्यापेक्षा ती एका रेषेत पाडणं अवघड. बारीक चौकटीचा कागद पारदर्शक चिकटपट्टीखाली पोटावर चिकटवावा, प्रत्येक छेदबिंदूवर सुईने टोचून खळगा करावा, मग हातातल्या ड्रिलने, मशीनने नव्हे, आधी सगळे खळगे थोडे खोल करून घ्यावेत आणि शेवटी आरपार जावं. एका दमात एकेक भोक पुरं करत गेलं की ड्रिल वक्र पोटावरून घसरतं, आणि ४८ मधलं एक भोक तिरकं गेलं तरी नजर थेट त्यावरच जाते. पोटाचा तेवढा तुकडा आतून प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने जाड करून घेतला तर भोकांच्या कडा तुटत नाहीत.

धड कापायचं झालं तर जिथे त्याची जाडी एकसारखी आहे तिथेच कापा. इलेक्ट्राचं ओरायन करताना काढायचे ७ फूट १:७२ मध्ये सुमारे ३ सेंटिमीटर होतात. दोन्ही काप सरळ नळीसारख्या भागात असतील तर उरलेली टोकं बिनबोभाट जुळतात. निमुळत्या भागात कापलं की एक टोक मोठं, एक लहान, आणि मग पुट्टीचे डोंगर. करवतीच्या पात्याची जाडीही कापात जाते, ती मापात धरावी. जोडाच्या आत प्लॅस्टिकच्या पट्ट्या आधार म्हणून हव्यातच, नाहीतर घासताना जोड उकलतो.

निमरॉडसारखं दुसरं पोट काढायला त्याच स्केलच्या दुसऱ्या, थोड्या लहान विमानाच्या धडाचा खालचा अर्धा भाग चांगला उपयोगी पडतो. घुमटांसाठी मोठ्या स्केलच्या लढाऊ विमानांच्या इंधन टाक्या जमवून ठेवाव्यात. १:४८ ची टाकी अर्धी चिरली की १:१४४ चा रडार घुमट तयार. तिच्यावरच्या जोडरेषा आणि झाकणांच्या खुणा तेवढ्या घासून टाकायच्या, कारण त्या मूळ स्केलची चुगली करतात. टॉर्पेडो साध्या प्लॅस्टिकच्या काडीतूनही होतात: पाणबुडीविरोधी एमके ४६ ची जाडी ३२४ मिलिमीटर आणि लांबी सुमारे २.६ मीटर, म्हणजे १:१४४ मध्ये २.२५ मिलिमीटर जाडीचा १८ मिलिमीटर तुकडा. पण कप्पा उघडा दाखवायचाच, असा अट्टहास नको. बंद दारांच्या दोन नीट कोरलेल्या रेषा अर्धवट भरलेल्या कप्प्यापेक्षा कितीतरी खऱ्या वाटतात.

दांड्यासाठी पितळेची नळी उत्तम, प्लॅस्टिक वाकतं. मात्र शेपटीला धातू लावला की विमान मागे बसतं. धड बंद करण्यापूर्वी सगळे भाग चिकटपट्टीने तात्पुरते जोडावेत, मुख्य चाकांच्या जागी दोन बोटांवर विमान तोलावं आणि नाक ठामपणे खाली जाईपर्यंत आत वजन भरावं. शिशाचे छर्रे असतील तर ते इपॉक्सीत बसवावेत, सुटे ठेवू नयेत.

रंग

गस्ती विमानांच्या रंगाचा इतिहास पाणबुडीवरच्या पहारेकऱ्याच्या नजरेतून वाचावा. आकाशाच्या पार्श्वभूमीवर विमान नेहमी काळपट दिसतं, कारण त्याचा आपल्याकडचा भाग सावलीत असतो. म्हणून दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या कोस्टल कमांडने विमानांचं पोट आणि बाजू पांढऱ्या केल्या. अमेरिकेने याहून पुढची गंमत करून पाहिली: विमानाच्या पुढच्या कडांवर दिवे लावले आणि त्यांची चमक आकाशाच्या उजेडाशी जुळवली. विमान दिसण्याचं अंतर १२ मैलांवरून २ मैलांवर आलं. रडारमुळे त्याचा उपयोग संपला आणि प्रकल्प गुंडाळला गेला. पण युद्धकाळातल्या व्हॉट-इफ विमानाच्या पंखांच्या कडेला असे दिवे लावलेले मी अजून पाहिलेले नाहीत आणि कुणीतरी ते करावं अशी माझी फार इच्छा आहे.

नंतरच्या काळात माथा पांढरा आणि खाली करडा ही जोडी बऱ्याच देशांत दिसते. तिथला पांढरा उन्हासाठी: आत दहा-अकरा माणसं आणि तापणारी यंत्रं, छत तापू नये म्हणून. निमरॉडच्या पाठीला पुढे फिकट तपकिरी रंग आला तो जमिनीवर उभं असताना वरून पटकन दिसू नये यासाठी. अमेरिकी ओरायन १९९० च्या दशकात सगळीकडून फिकट करडी होत गेली, मोठी रंगीत चिन्हंही फिकटली. आपलं ७५७ जर १९९३-९४ च्या सुमाराला सेवेत आलं असं मानलं, तर पांढऱ्या माथ्याचा मोह सोडून ते करडंच रंगवावं लागेल. शेपटीवर स्क्वाड्रनची अक्षरं हवीत. व्हीपी-५ ची निवडली तर 'एलए', तीही आजूबाजूच्या करड्यापेक्षा जराशीच गडद.

मळवताना हात आखडता घ्यावा. समुद्रावरून आलेलं विमान मिठाने गंजतं, म्हणून ते वारंवार गोड्या पाण्याने धुतात. चिखलाचे ओघळ आणि गंजाचे पापुद्रे इथे शोभत नाहीत. डाग कुठे पडतील हे इंजिन ठरवतं. ओरायनचा धूर पंखाच्या वरून मागे जातो, त्यामुळे इंजिनांच्या मागे काजळीचे लांब पट्टे हवेतच. पिस्टन इंजिनांच्या विमानांवर तेलाचे ओघळ. आपल्या ७५७ ची इंजिनं पंखाखाली टांगलेली आणि धूर मोकळ्या हवेत सोडणारी, म्हणून पंख बराचसा स्वच्छ. काळवंडलेली जागा एकच, शेपटीजवळ आपण बाजूला वळवलेल्या त्या धुराच्या तोंडामागची.

इतकं सगळं काम पोटावर केलेलं असतं आणि मॉडेल चाकांवर उभं केलं की त्यातलं काहीच दिसत नाही. म्हणून गस्ती विमानांच्या बाबतीत मी चाकं आत घेऊन, धडात नळी बसवून, उडत्या अवस्थेत स्टँडवर लावण्याच्या बाजूचा आहे, थोडं डावीकडे कलवून. नळीची जागा मात्र पहिल्याच दिवशी ठरवायला हवी. ती पंखाच्या पेटीखाली, तोल साधेल अशा ठिकाणी येते, आणि कप्प्याची दारं कोरून झाल्यावर लक्षात आलं तर ती नेमकी त्यांच्या कडेवर येते.